मदत हवी आहे: पीएचसीची (प्राथमिक आरोग्य केंद्राची) 'डिजिटल परिपक्वता' मोजताना सड्यावरच्या (उंच माळावरच्या) रेंजला मार्क किती?

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गातल्या एका पीएचसीत आरोग्य सहाय्यक. आमचं साथरोग सर्वेक्षण डिजिटलदृष्ट्या किती 'परिपक्व' आहे ते मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. (परिपक्व म्हटलं की मला फणसच आठवतो, वाजवून बघितल्याशिवाय कळत नाही.) हातात मेझर इव्हॅल्युएशन या आरोग्य-माहिती यंत्रणा तपासणाऱ्या प्रकल्पाचा तक्ता आहे. नेतृत्व, मनुष्यबळ, यंत्रसामग्री, मानकं आणि जोडणी, माहितीचा दर्जा व वापर असे पाच भाग, आणि प्रत्येकाला 1 ते 5 पायऱ्या.

कागदावर आम्ही झकास. 2021 पासून आयएचआयपी (साथरोगांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) आहे. एस फॉर्म (लक्षणांवरून संशयित) उपकेंद्रातून, पी (संभाव्य निदान) डॉक्टरांकडून, एल (तपासणीत पक्कं) लॅबमधून, सगळं ऑनलाइन. पण खाडीकाठच्या उपकेंद्रात रेंजच नाही. सिस्टर दिवसभराचे ताप वहीत लिहितात आणि संध्याकाळी घरी जाताना सड्यावर थांबून मोबाईलवर भरतात. पाऊस लागला की दोन-तीन दिवसांचं एकदम. आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) नेमका भातलावणीतच डोकं वर काढतो. डॉक्टरांना खरी खबर आशाताईंच्या व्हॉट्सॲपवरूनच आधी लागते.

याला पायरी कुठली देऊ? 4 लिहिलं तर खोटं वाटतं, 2 लिहिलं तर सिस्टरवर अन्याय.

प्रतिसाद १ (रायगडकडचा डेटावाला)
दादा, पाच भागांची सरासरी काढू नका, दुखणं त्यातच लपतं. गेल्या जुलैच्या तापाच्या 20 ओळी घ्या आणि तीन तारखा मांडा: ताप कधी आला, वहीत कधी चढला, पोर्टलवर कधी. तो फरक दिवसांत लिहा, सिस्टरना शेजारी बसवूनच. रेंज यंत्रसामग्रीच्या खात्यात टाका, मनुष्यबळाच्या नको. व्हॉट्सॲपला मार्क नाहीत, ते मोजता येत नाही. शेऱ्यात मात्र जरूर लिहा. आणि एक विचारा, पोर्टल बघून कधी कोणी गावात डॉक्सी (लेप्टो टाळायची गोळी) वाटली का? नसेल तर 'वापर' 1 वरच.

धागाकर्ता
आभारी आहे. आत्ताच सात ओळी काढल्या. पाच ओळींत तीन-तीन दिवसांचा फरक, एक त्याच दिवशी. सातवीत ताप कधी आला ते वहीतच नाही, आणि ते अक्षर माझंच आहे. बाकीच्या उद्या, सिस्टर आल्यावर.