लीग ८ संघांवरून १२ वर न्यायची आहे: दोन हंगामांच्या मध्ये नेमकं काय काय हलवावं लागतं?

नववा_स्लॉट (प्रश्न)

ई-स्पोर्ट्सची, म्हणजे पाच विरुद्ध पाच खेळायच्या व्हिडिओ गेमची लीग. पहिल्या हंगामात ८ संघ होते. प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ, सगळं बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन गेम आधी जिंकेल तो विजयी), मग वरच्या चौघांची बाद फेरी. पुढच्या हंगामात १२ संघ घ्यायचं ठरतंय.

मोठ्या लीगकडे पाहावं तर प्रत्येकीची दिशा वेगळी. ओव्हरवॉच लीग २०१८ मध्ये १२ संघांनी सुरू झाली, २०१९ मध्ये एका उडीत २० वर गेली आणि २०२३ च्या हंगामानंतर बंद झाली. एलसीएस (लीग ऑफ लेजेंड्स या गेमची उत्तर अमेरिकेतली लीग) २०२४ मध्ये १० वरून ८ वर उतरली. व्हॅलोरंटच्या विभागीय लीग २०२३ मध्ये १०, मग ११, मग १२ अशा पायरीपायरीने वाढल्या.

तर विचारायचंय ते असं: स्वरूप आहे तेच ठेवून चार संघ वाढवता येतात का? नव्या संघांना खेळाडू कुठून मिळतात? हंगामाच्या मध्येच मोठा पॅच (गेमची बदललेली आवृत्ती) आला तर काय करायचं? आणि जुन्या आठ संघांनी याला होकार का द्यावा? मोघम नको, आकड्यांत सांगा.

वेळापत्रकवाला

स्वरूप तेच ठेवता येणार नाही. हिशोब बघा.

८ संघ, दुहेरी साखळी: ५६ सामने, प्रत्येक संघाला १४.
१२ संघ, दुहेरी साखळी: १३२ सामने, प्रत्येकाला २२.
१२ संघ, एकेरी साखळी: ६६ सामने, प्रत्येकाला ११.

संघ दीडपट होतात, सामने मात्र जवळपास अडीचपट. आता हे ब्रॉडकास्टच्या वेळेत बसवा. लीग ऑफ लेजेंड्ससारख्या गेममध्ये ड्राफ्ट (गेमआधी दोन्ही संघांनी पात्रं निवडणं), खेळ आणि मधली विश्रांती धरून एका गेमला ५० मिनिटं ते तासभर लागतो. म्हणजे बेस्ट ऑफ थ्रीसाठी अडीच ते तीन तास राखून ठेवावे लागतात, जरी अर्ध्याअधिक मालिका २-० ने लवकर संपल्या तरी. एका स्ट्रीमवर दिवसाला दोन मालिका, आठवड्यात तीन दिवस, म्हणजे सहा मालिका. या वेगाने ५६ सामने दहाव्या आठवड्यात संपतात, ६६ ला बरोबर ११ आठवडे लागतात आणि १३२ ला २२. बावीस आठवड्यांची साखळी म्हणजे वर्षात दुसरं काही करायला जागाच नाही.

म्हणून संघ वाढले की प्रत्येक संघाचे सामने कमी होतात. ओव्हरवॉच लीगने हेच केलं. २०१८ मध्ये १२ संघांना प्रत्येकी ४० सामने होते, एकूण २४०. २०१९ मध्ये २० संघांना प्रत्येकी २८, एकूण २८०. संघ दोन तृतीयांशाने वाढले, सामने फक्त एक षष्ठांशाने. बाहेरून ‘मोठी लीग’ दिसते, पण एखाद्या संघाचा चाहता असाल तर तुमचा संघ पडद्यावर पूर्वीपेक्षा कमी वेळा दिसतो. प्रायोजकाला विकताना ही गोष्ट लपत नाही, तो प्रति संघ सामने आधी विचारतो.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली, ६६ ची एकेरी साखळी. सोपी आणि न्याय्य. खोट एकच: ११ हा विषम आकडा आहे. सामना बेस्ट ऑफ वन असेल तर काही संघांना सहा वेळा निळी बाजू (नकाशाच्या दोन बाजूंपैकी एक) मिळते, काहींना पाच. बेस्ट ऑफ थ्री ठेवलं तर ही कुरकुर बरीचशी निवते, कारण हरलेल्याला पुढच्या गेमची बाजू निवडू देता येते.

दुसरी, सहा-सहाचे दोन गट आणि गटात दुहेरी साखळी. एकूण ६० सामने, प्रत्येकाला १०. इथे गट कसे पाडता यावर सगळं अवलंबून. चिठ्ठ्या टाकू नका, नागमोडी पाडा: मानांकन १, ४, ५, ८, ९, १२ एका गटात आणि २, ३, ६, ७, १०, ११ दुसऱ्यात. मात्र नव्या चार संघांना शेवटची चार मानांकनं सरसकट देऊ नका. त्यांच्यात एखादा संघ मुरलेल्या खेळाडूंचा निघाला की एक गट कत्तलखाना होतो.

तिसरी वाट मला सर्वात आवडते, पण ती नवी आहे तोवर प्रेक्षकांना समजावून सांगावी लागते. एलसीकेने (लीग ऑफ लेजेंड्सची कोरियातली लीग) २०२५ मध्ये वर्षाचे स्प्रिंग आणि समर असे दोन तुकडे (स्प्लिट) काढून टाकले. आधी दहाही संघांची दुहेरी साखळी, प्रत्येकी १८ सामने. मग वरचे पाच ‘लेजेंड’ गटात, खालचे पाच ‘राइज’ गटात, आणि आपल्याच गटात आणखी तीनदा, प्रत्येकी १२ सामने. आधीची जय-पराजयाची नोंद पुसली जात नाही. फायदा असा की शेवटच्या महिन्यात पहिल्या विरुद्ध दहाव्या क्रमांकाचा निरर्थक सामना उरत नाही. बारा संघांसाठी एकेरी साखळीचे ६६, मग सहा-सहाच्या गटांत एकेरीचे १५ अधिक १५, एकूण ९६ सामने, १६ आठवडे. जमत असेल तर हे करा.

आणि हो, ९ किंवा ११ संघांवर थांबू नका. विषम संख्येत दर फेरीला एक संघ घरी बसतो, तक्त्यावर खेळलेल्या सामन्यांची संख्या कायम वेगळी दिसते आणि प्रेक्षक ‘आम्ही नक्की कितवे’ हेच विचारत राहतात.

बेंचवरचा_सहावा

खेळाडूंचं गणित वर आलं नाही, म्हणून. आठ संघ म्हणजे ४० सुरुवातीचे खेळाडू, बारा म्हणजे ६०. ही वीस माणसं आकाशातून पडत नाहीत. ती तीन ठिकाणांहून येतात: जुन्या संघांचे बदली खेळाडू, खालच्या स्तरावरची स्पर्धा आणि बाहेरून आणलेले. तिसऱ्या वाटेला मर्यादा घाला. लीग ऑफ लेजेंड्समध्ये पाचांपैकी जास्तीत जास्त दोघे बाहेरच्या प्रदेशातले असा नियम आहे, तो याचसाठी.

करारांचा क्रम चुकला की पहिल्याच आठवड्यात भांडणं. क्रम असा लावा:

१. आधी जुन्या संघांना आपले करार वाढवण्याची मुदत, साधारण चार आठवडे.
२. मग मोकळ्या झालेल्या खेळाडूंशी फक्त नव्या संघांनी बोलायचं. ओव्हरवॉच लीगने २०१९ च्या विस्तारापूर्वी नव्या आठ संघांना अशी राखीव मुदत दिली होती.
३. त्यानंतर बाजार सगळ्यांना खुला.
४. पहिल्या सामन्याआधी किमान दोन आठवडे रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) बंद. व्हिसा लागणारा खेळाडू असेल तर याहून बरंच आधी.

सगळ्या करारांची समाप्तीची तारीख एकच ठेवा आणि ती जाहीर यादीत दिसू द्या. रायटच्या (लीग ऑफ लेजेंड्स आणि व्हॅलोरंट बनवणारी कंपनी) लीगमध्ये करार नोव्हेंबरमध्ये संपतात आणि कुणाचा करार कुठवर आहे हे सार्वजनिक यादीत पाहता येतं. यादी नसेल तर ‘आम्ही त्याच्याशी बोललोच नव्हतो’ हे खरं की खोटं ते कुणालाच ठरवता येत नाही.

आणखी एक, जे लोक विसरतात. खेळाडूंच्या जागा फक्त संघसंख्येवर ठरत नाहीत. कॉल ऑफ ड्यूटी लीग २०२० मध्ये पाच विरुद्ध पाच होती, २०२१ ला चार विरुद्ध चार झाली. संघ बाराच, पण सुरुवातीच्या जागा ६० वरून ४८. ओव्हरवॉच २०२२ मध्ये सहांवरून पाचांवर आली तेव्हा कमी झाली ती टँकच्या (पुढे राहून मार झेलणारी भूमिका) दोनपैकी एक जागा. म्हणजे एकाच भूमिकेतल्या माणसांची मागणी निम्मी. असा बदल येणार असेल तर तो करार संपण्याच्या आधी जाहीर करा. नंतर केला तर संघ दोन वर्षांचे करार गळ्यात घेऊन बसतो आणि खेळाडू बेंचवर.

खालचा स्तर तोडू नका. २०२३ मध्ये एलसीएस संघांवरची अकॅडमी संघ (खालच्या स्तरावर खेळणारा दुय्यम संघ) ठेवण्याची सक्ती उठवली गेली, खेळाडूंच्या संघटनेने वॉकआउटच्या बाजूने मत दिलं आणि समर स्प्लिट दोन आठवडे पुढे गेला.

पॅच_वाचक

पॅचबद्दल. नियमपुस्तकात ‘सामने चालू आवृत्तीवर होतील’ एवढंच लिहिलेलं असतं. ते पुरत नाही. हे लिहा:

कुठली आवृत्ती कुठल्या आठवड्यापासून, हे हंगामापूर्वीच तक्त्यात. नवी आवृत्ती सार्वजनिक सर्व्हरवर किमान सात दिवस चालल्याशिवाय सामन्यात नाही. नवा किंवा पूर्ण बदललेला हिरो (गेममधलं पात्र) तेवढ्या काळापुरता बंद. बाद फेरी सुरू झाली की शेवटपर्यंत एकच आवृत्ती. आणि एखादा दोष निघाला तर तो हिरो बंद करण्याचा अधिकार कुणा एकाकडे, नावानिशी. समितीकडे दिलात तर सामना थांबून राहतो.

हंगामाच्या मध्ये खेळाचा मूळ नियम बदलण्याचं मोठं उदाहरण ओव्हरवॉच लीगचंच. तीन टँक, तीन सपोर्ट (साथीदारांना सावरणारी भूमिका) अशी ‘गोट्स’ रचना २०१९ मध्ये इतकी बोकाळली की चौथ्या टप्प्यापासून दोन-दोन-दोनची (दोन टँक, दोन सपोर्ट, दोन हल्लेखोर) भूमिकासक्ती आली. प्रेक्षकांना हायसं वाटलं. पण तीन टप्पे एका खेळासाठी बांधलेले संघ चौथ्यात दुसराच खेळ खेळत होते, आणि गुणतक्ता मात्र एकच! असा बदल लागणारच असेल तर तो हंगामाच्या शिवेवर करा.

२०२५ मध्ये लीग ऑफ लेजेंड्सने फिअरलेस ड्राफ्ट आणला तो असा, नव्या वर्षासोबत. मालिकेत आधी कुणीही घेतलेला चँपियन (या गेममधलं पात्र) पुन्हा कुणालाच नाही. तिसऱ्या गेमला २० चँपियन बाद झालेले असतात, पाचव्याला ४०, बॅन (ड्राफ्टमध्ये संघांनी बंद केलेले चँपियन) वेगळे. हा नियम बेस्ट ऑफ वनमध्ये अर्थशून्य आहे. म्हणून वेळ वाचवायला १२ संघांना बेस्ट ऑफ वनवर आणलंत तर ड्राफ्टमधली ही मजा हातची जाते. उलटंही खरं: एलसीएस आठ संघांवर आली आणि २०२४ च्या समर स्प्लिटमध्ये बेस्ट ऑफ थ्री परवडलं.

हिशेबनीस

आता होकाराचा प्रश्न. वाटपाच्या थैलीत १०० रुपये असतील तर आठांत प्रत्येकाला साडेबारा, बारांत आठ रुपये ३३ पैसे. जुन्या संघाचा वाटा जागच्या जागी राहायचा तर एकूण उत्पन्न ५० टक्क्यांनी वाढलं पाहिजे. एका हंगामात ते वाढत नाही. म्हणून मोठ्या लीग प्रवेशशुल्क घेतात, आणि तिथेच चूक होते: शुल्क एकदाच येतं, वाटेकरी कायमचे वाढतात. ओव्हरवॉच लीगच्या पहिल्या संघांचं शुल्क २ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. शेवटी लीग न चालवण्याच्या बाजूने मत दिलं तर प्रत्येकी ६० लाख डॉलर असा पर्याय संघांपुढे आला.

व्हॅलोरंटने २०२३ मध्ये प्रवेशशुल्क घेतलंच नाही, निवडलेल्या भागीदार संघांना उलट मानधन दिलं. बाहेरच्यांसाठी असेंशन स्पर्धा ठेवली. पहिल्या वर्षी जिंकणाऱ्याला दोन वर्षांपुरती जागा होती. तुमच्यासाठी हा नमुना बरा. चारही जागा कायमच्या देऊ नका. दोन कायम, दोन मुदतीच्या. मुदतीची जागा किमान दोन हंगामांची हवी, कारण एकाच हंगामाची असली तर त्या संघाला प्रायोजक मिळत नाही.

वाटपसुद्धा तीन थैल्यांत करा. रायटने लीग ऑफ लेजेंड्ससाठी आणलेल्या रचनेत ५० टक्के संघांना सर्वसाधारण, ३५ टक्के निकालांनुसार आणि १५ टक्के चाहतावर्ग उभा करण्यासाठी आहेत. जुन्या आठांचा आक्षेप बहुतेक या तिसऱ्या थैलीने विरघळतो. चाहते त्यांच्याकडे आधीपासून आहेत.

काउंटर-स्ट्राइकची वाट वेगळीच, तीही लक्षात असू द्या. २०२५ पासून व्हॅल्व्हच्या (या गेमची कंपनी) नियमांनुसार आयोजकाचे सहभागी संघांशी खास व्यावसायिक संबंध चालत नाहीत, आमंत्रण क्रमवारीवर किंवा खुल्या पात्रता फेरीतून. तुमच्या गेमच्या प्रकाशकाचा परवाना याबाबत काय म्हणतो ते शुल्क ठरवण्यापूर्वी वाचा, नंतर नव्हे.

नववा_स्लॉट

६६ अधिक ३० वाली वाट पक्की करतोय. दोन बारीक शंका. तिघे समान गुणांवर अडकले तर? आणि नवा संघ अर्ध्यात निघून गेला तर?

वेळापत्रकवाला

संघ निघून गेला: त्याचे निम्म्यापेक्षा कमी सामने झाले असतील तर त्याचे सगळे निकाल पुसा. निम्मे किंवा जास्त झाले असतील तर उरलेले प्रतिस्पर्ध्यांना २-० ने द्या, पण ते २-० गेमफरकात (जिंकलेले वजा हरलेले गेम) धरू नका. नाहीतर ज्यांनी त्याला आधी खेळून २-१ ने हरवलं त्यांच्यावर अन्याय होतो. ‘निम्मे’ म्हणजे पहिल्या साखळीतल्या ११ पैकी सहा की पाच, तेही लिहून ठेवा.

तिघांची बरोबरी: आधी त्या तिघांतल्याच सामन्यांचा छोटा तक्ता, मग त्याच सामन्यांतला गेमफरक, मग पूर्ण साखळीतला गेमफरक, तरी सुटलं नाही तर एक जादा गेम. सगळ्यात जास्त वाद एका ओळीमुळे होतात, जी बहुतेक नियमपुस्तकांत नसते. तिघांपैकी एक वर सुटला आणि दोघे उरले, तर त्या दोघांसाठी पुन्हा आपसातल्या सामन्यापासून सुरुवात करायची की पुढच्या पायरीवर जायचं? ‘पुन्हा सुरुवातीपासून’ असं लिहा, आणि हंगामाच्या पहिल्या दिवसापूर्वी बाराही संघांच्या सह्या घ्या.