क्लिंगनमधे भविष्यकाळाचा प्रत्यय कुठला?

विश्रामबाग_वाचक:
स्टार ट्रेकमधल्या क्लिंगन लोकांसाठी बनवलेली क्लिंगन भाषा शिकायलोय, ती बनवणाऱ्या मार्क ओक्रांडचाच शब्दकोश घेऊन, १९८५ चा मूळ, माझ्याकडं १९९२ ची वाढवलेली आवृत्ती आहे. -पू' हा भूतकाळाचा प्रत्यय म्हणायचा का? मग भविष्यकाळाचा कुठला? क्रियापदाचे नऊच्या नऊ प्रकारचे प्रत्यय चाळले, सापडंना.

कृष्णाकाठ:
सापडणार नाही भावा, तो नाहीच. तिथं क्रियापदाला काळच नसतो. जिघुंग म्हणजे मला भूक लागलीय, लागली होती, लागेल, सगळंच. कधी ते आधी वेगळ्या शब्दात सांगायचं, काल असेल तर वा'खू' जिघुंग, उद्या असेल तर वा'लेष जिघुंग. वा' म्हणजे एक, खू' म्हणजे तितके दिवस मागं आणि लेष म्हणजे पुढं. एकदा काल म्हटलं की पुढच्या वाक्यात परत परत सांगायला लागत नाही. आपल्यात परवा मागचा का पुढचा हे आलो, येईन वरनं कळतं, तिथं बरोबर उलटं, चा' म्हणजे दोन, त्यामुळं चा'खू' आणि चा'लेष हे शब्दच वेगळे आणि क्रियापद गप्प. मला तर ह्या भाषेतलं हेच लई आवडतं.

मिरजेची_माई:
बरोबर, पण -पू' चं राहिलं की. तो सातव्या प्रकारातला, तिथं काम कुठवर आलंय एवढंच बघतात, कधी ते नाही. -पू' म्हणजे काम पुरं झालं, -ता' म्हणजे मनात धरून पुरं केलं, त्यामुळं चुकून झालेल्या गोष्टीला -ता' लावायचं नाही. चालू असलेल्याला -ताख आणि चालू आहे पण कुठं संपणार ते ठाऊक आहे त्याला -ली'. पाऊस पडायलाय तर -ताख, एसटी सांगलीतनं सुटून मिरजेला चाललीय तर -ली'. आणि -पू' भविष्यातही चालतो, वा'लेष विषोपपू' म्हणजे उद्या मी ते खाल्लेलं असेल.

विश्रामबाग_वाचक:
भारीच की माई! मग काहीच लावलं नाही तर?

मिरजेची_माई:
न लावण्यालाही अर्थ आहे बाळा, साधारणपणे काम पुरं झालेलं नाही आणि चालूपण नाही, जसं रोज करतो ते किंवा पुढं करणार ते. म्हणून काल खाऊन संपवलं म्हणायचं तर वा'खू' पण पाहिजे आणि -पू' पण, दोघांची कामं वेगळी.

कृष्णाकाठ:
अजून एक, "खाताना" म्हणायचं असलं की शेवटी -विष लागतो पण त्याच्या आधी -ताख घ्यायलाच लागतं, जिषोपताखविष, मी खात असताना. नुसतं -विष लावलं तर वाक्य चुकलं.