एपीआय की, युजर लॉगिन, ॲप टोकन: एकाच नकाशा-प्रकल्पाच्या तीन भागांना काय लावावं?

देवगडी_नकाशे:
नमस्कार मंडळी. आर्कजीआयएसच्या (एस्री कंपनीच्या नकाशा-प्रणालीच्या) ऑनलाइन सेवांवर एक प्रकल्प उभा करायचा आहे. ऑथेंटिकेशनची (वापरणारा कोण हे सेवेला पटवण्याची) कोणती पद्धत कुठे लावावी याबद्दल सल्ला हवा आहे. प्रकल्पाचे भाग तीन.

पहिला भाग सार्वजनिक वेबसाइट. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे किनारे, जेटी आणि घरगुती निवास नकाशावर दिसतील. पर्यटकाला लॉगिन करायला लावायचं नाही.

दुसरा अँड्रॉइड ॲप. बागायतदारांच्या सहकारी संस्थेची माणसं बागेत जाऊन हापूसच्या कलमांची नोंद करतील: कलमांची संख्या, वय, वादळात पडझड झाली असेल तर फोटो, मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर. सड्यावर रेंज मिळते, व्हाळात उतरलं की जाते.

तिसरा भाग सर्व्हरवरचा. रोज रात्री नव्या निवासांचे पत्ते जिओकोड करून (पत्त्यावरून नकाशावरचा बिंदू काढून) खाजगी फीचर लेयरमध्ये (नकाशावरच्या नोंदींच्या थरात) टाकायचे.

एकच एपीआय की बनवून तिन्हीकडे वापरली तर सांभाळायला सोपं जाईल असं वाटतं. अडचण कुठे येईल? संस्थेचं आर्कजीआयएस ऑनलाइनचं खातं आहे.

कातळसडा:
एकच की तिन्हीकडे लावू नका. एपीआय की म्हणजे लांब मुदतीचं टोकनच, सेवेला दाखवायचा परवाना. ज्याच्या हाती पडेल त्याला तिचे सगळे अधिकार मिळतात. वेबसाइटवरची की ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये कोणालाही दिसते. त्याच कीला कलमांच्या लेयरचा ॲक्सेस दिलेला असेल, तर मालकांचे मोबाइल नंबर उघड्यावर आले म्हणून समजा.

ठरवताना दोन गोष्टी बघा. कोड कुठे चालणार, परक्याच्या फोनवर आणि ब्राउझरमध्ये, की तुमच्या ताब्यातल्या सर्व्हरवर? आणि ही नोंद कोणी केली हे नंतर कळायला हवं का? यावरून तुमची वाटणी सरळ होते: वेबसाइटला एपीआय की, अँड्रॉइड ॲपला युजर लॉगिन, रात्रीच्या कामाला ॲप ऑथेंटिकेशन (माणसाच्या लॉगिनशिवाय, प्रोग्रामने स्वतःच्या नावाने टोकन घेणं).

वेबसाइटच्या कीला फक्त बेसमॅपचा (पार्श्वभूमीच्या नकाशाचा) अधिकार द्या. जिओकोडिंग, राउटिंग, खाजगी आयटम, काहीही टिक करू नका. निवासांची मूळ लेयर खाजगीच ठेवा, तिच्यावरून एक व्ह्यू लेयर (त्याच माहितीचं मर्यादित रूप) काढा, त्यात दाखवायची तेवढीच फील्ड्स ठेवा आणि तो व्ह्यू ‘सर्वांसाठी’ शेअर करा. सार्वजनिक व्ह्यू वाचायला टोकन लागतच नाही, त्यामुळे की फक्त बेसमॅपपुरती उरते. व्ह्यूवर एडिटिंग बंद आहे ना, हे मात्र दोनदा तपासा. उघड्या व्ह्यूवर एडिटिंग चालू राहिलं तर कोणीही तुमचे पॉइंट हलवू किंवा पुसू शकतो.

भरतीरेषा:
सहमत, पण वेबसाइटवरही की कशाला उघडी ठेवायची? सर्व्हरवर प्रॉक्सी (विनंत्या पुढे पाठवणारा मधला दुवा) लावा, सगळ्या विनंत्या तिथून जाऊ द्या. की ब्राउझरपर्यंत पोचणारच नाही.

कातळसडा:
जिओकोडिंगसारख्या तुरळक विनंत्यांना प्रॉक्सी ठीक. बेसमॅपला नको. पर्यटकाने नकाशा जरा सरकवला किंवा झूम केला की डझनावारी टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) मागवल्या जातात. त्या सगळ्या तुमच्या छोट्या होस्टिंगमधून गेल्या की मे महिन्याच्या गर्दीत साइटच आडवी होईल. शिवाय उघडी प्रॉक्सी म्हणजे उघडी कीच. प्रॉक्सीचा पत्ता सापडला की कोणीही तिच्यातून टाइल्स ओढेल. त्यापेक्षा की मोजक्या अधिकारांची ठेवा आणि रेफररचं (विनंती कोणत्या साइटवरून आली ते सांगणाऱ्या हेडरचं) बंधन लावा.

भरतीरेषा:
बेसमॅपचं पटलं, तिथे रेफररच बरा. फक्त तो लावताना हमखास अडतं ते सांगतो.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला, दोन्ही पत्ते नोंदवा. लोकलहोस्टसाठी (स्वतःच्या संगणकावरच्या चाचणीसाठी) वेगळी की बनवा, प्रॉडक्शनच्या कीमध्ये लोकलहोस्ट ठेवू नका. रेफररमध्ये फक्त डोमेन लिहा, पुढचा पाथ नको. २०२० पासून क्रोम दुसऱ्या साइटकडे जाणाऱ्या विनंतीत पानाचा पूर्ण पत्ता पाठवत नाही, फक्त डोमेनपर्यंतचाच भाग जातो. ‘डोमेन/नकाशा/’ असं बंधन घातलंत तर बरोबर दिसणारी सेटिंगही नकार देईल. आणि वेब सर्व्हरवर रेफरर-पॉलिसी ‘नो-रेफरर’ असेल तर हेडर जातच नाही, नकाशा कोरा दिसतो. काही होस्टिंगच्या सुरक्षा प्लगइनमध्ये ही सेटिंग आपोआप लागलेली असते, म्हणून आधी तिथे बघा.

रेफरर ब्राउझरबाहेरून खोटा पाठवता येतो, म्हणून त्याला कुलूप समजू नका. त्याने फुकट्या साइट्स दूर राहतात, मुद्दाम चोरी करणारा राहत नाही. वापराचा आलेख दर आठवड्याला बघायचाच.

आणखी एक, मुदत. या कीची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. बनवताना ती ऐन पावसाळ्यात संपेल अशी ठेवा. दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्यात संपली तर नेमक्या गर्दीत नकाशा बंद. एका क्रेडेन्शियलखाली (पोर्टलवरच्या ओळख-नोंदीखाली) दोन की ठेवता येतात. दुसरी तयार करा, साइटवर चढवा, चालते हे बघा, मगच पहिली रद्द करा. की बनवल्यावर ती एकदाच दिसते, तेव्हाच सुरक्षित जागी ठेवा.

साखरी_नाटे:
रात्रीच्या कामाबद्दल. क्लायंट आयडी आणि क्लायंट सिक्रेट (टोकन मागायला लागणारी प्रोग्रामची ओळख आणि गुप्त शब्द) सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, गिटमध्ये (कोडच्या साठ्यात) नाही. टोकन साधारण दोन तास चालतं, वाढवून चौदा दिवसांपर्यंत नेता येतं, पण रात्रीच्या कामाला दोन तास पुष्कळ. प्रत्येक पत्त्यासाठी नवं टोकन मागू नका. एक घ्या, मुदत संपायच्या पाच मिनिटं आधी बदला. क्रेडेन्शियल बनवतानाच साठवणुकीच्या जिओकोडिंगचा आणि फीचर एडिट करण्याचा अधिकार टिक करा, आयटम ॲक्सेसमध्ये ती एकच लेयर निवडा. एखादी टिक राहिली तर टोकन व्यवस्थित मिळतं आणि नकार नेमका काम करताना येतो, त्यामुळे चूक शोधायला वेळ जातो.

साठवणुकीचा मुद्दा दुर्लक्षू नका. जिओकोडिंगचा निकाल तुम्ही लेयरमध्ये टिकवणार, म्हणजे विनंतीत ‘फॉर स्टोरेज’ हे पॅरामीटर खरं द्यायलाच हवं. नुसतं शोधून दाखवण्याचा आणि साठवण्याचा अधिकार वेगळा आहे आणि आकारणीही वेगळी.

आपल्याकडचे पत्ते वाडीवर चालतात: ‘मधली वाडी, शाळेच्या वर’. जिओकोडरचा स्कोअर (पत्ता जुळल्याचे गुण) ९० च्या वर येऊनही पत्त्याचा प्रकार ‘लोकॅलिटी’ असेल तर पॉइंट गावाच्या मध्यावर पडलेला असतो. असे पत्ते वेगळे काढा आणि निवासमालकाकडून पिन मागवा.

देवगडी_नकाशे:
मनापासून आभार, एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. ॲपबद्दल दोन शंका. हंगामात येणारी माणसं बदलत राहतात, सगळ्यांना मिळून एकच लॉगिन दिलं तर? आणि सिक्रेट ॲपमध्येच ठेवून प्रोगार्डने (कोड वाचायला अवघड करणाऱ्या साधनाने) झाकलं तर लॉगिनचीच गरज उरणार नाही ना?

कातळसडा:
दोन्हीला नाही. एपीके (ॲपची फाइल) उघडून आतली अक्षरं वाचायला फार कसब लागत नाही. प्रोगार्ड क्लास आणि मेथडची नावं बदलतो, तुमची स्ट्रिंग तशीच राहते. म्हणून मोबाइल ॲपमध्ये सिक्रेट ठेवायचंच नाही. ऑथरायझेशन कोड फ्लो पीकेसीईसह (दर लॉगिनला नवी तात्पुरती खूण बनवणारी लॉगिनची पद्धत) वापरा, त्यात सिक्रेट लागत नाही. लॉगिनचं पान ॲपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये नको, फोनच्या ब्राउझर टॅबमध्ये उघडा. रीडायरेक्ट यूआरआय (लॉगिननंतर ॲपमध्ये परतण्याचा पत्ता) पोर्टलवर नोंदवलेला आणि ॲपमधला अक्षरशः तोच हवा, शेवटच्या स्लॅशसकट. लॉगिन ‘अवैध रीडायरेक्ट’ म्हणून परत आलं तर आधी तेच तपासा.

लॉगिन प्रत्येकाला वेगळं द्या. एडिटिंग करायचंय म्हणजे ‘व्ह्यूअर’ पुरणार नाही, ‘मोबाइल वर्कर’ हा युजर टाइप पुरतो. सामाईक लॉगिनने एडिटर ट्रॅकिंगमध्ये (नोंद कोणी केली ते जपणाऱ्या सोयीत) सगळ्या नोंदी एकाच नावावर पडतात, आणि पडझडीच्या आकड्यावर वाद झाला तर कोणाला विचारणार? माणूस सोडून गेला की त्याचं खातं बंद करा, बाकीच्यांचं काम अडत नाही.

साखरी_नाटे:
आता रेंजचा प्रश्न. ॲक्सेस टोकन साधारण ३० मिनिटं चालतं, रिफ्रेश टोकन (लॉगिनशिवाय नवं ॲक्सेस टोकन मिळवून देणारं) दोन आठवडे, ते ९० दिवसांपर्यंत वाढवता येतं. तुमच्यासाठी ९० च ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत वीज आणि मोबाइल टॉवर बरेच दिवस बंद होते. पडझडीच्या नोंदी नेमक्या अशाच दिवसांत होणार, दोन आठवडे सहज उलटतील.

आधीच उतरवलेला ऑफलाइन नकाशा उघडायला आणि नोंदी करायला टोकन लागत नाही, ते सिंक करताना (फोनमधल्या नोंदी सर्व्हरवर चढवताना) लागतं. म्हणून लॉगिनची तपासणी ॲप सुरू होताना करू नका. तशी केली तर व्हाळात उभा असलेला माणूस लॉगिनच्या पानावर अडकून पडेल. सिंकच्या वेळी ४९८ हा एरर कोड आला तर टोकन अवैध किंवा मुदत संपलेलं, ४९९ आला तर टोकन पाठवलंच गेलेलं नाही. ४९८ ला आधी रिफ्रेश करून बघा. तेही फसलं तरच लॉगिन मागा आणि सिंक तिथूनच पुढे चालवा.

सर्वांत घातक चूक म्हणजे साइन-आउटवर लोकल जिओडेटाबेस (फोनमधला नोंदींचा साठा) पुसणारा कोड. टोकन पुसा, सिंक न झालेल्या नोंदी आणि फोटो कधीच नाही. पुन्हा लॉगिन झालं की युजरनेम आधीचंच आहे का ते पडताळा. वेगळं असेल तर सिंक थांबवून स्क्रीनवर स्पष्ट सांगा, नाहीतर एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या नावावर चढतील.