नगरसेवकाचे खरे काम कोणते : मुख्य सभेतला ठराव की दारातले गटार?
(टोपणनावांनी झालेली लेखी चर्चा)

पर्वतीपायथा :
जानेवारी 2026 च्या पुणे महापालिका निवडणुकीत माझ्या दाराच्या फटीतून आत सरकवलेले सगळे कार्यअहवाल मी जपून ठेवले आहेत. गुळगुळीत कागदावर पेव्हिंग ब्लॉक, ड्रेनेजची झाकणे, कापडी पिशव्या आणि बाक यांची छायाचित्रे आहेत. मात्र 'मी मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, हा ठराव मांडला आणि त्याचे पुढे असे झाले' असे सांगणारी एक ओळही नाही. माझे म्हणणे असे की नगरसेवकाची परीक्षा याच ओळीवरून घ्यावी.

एकच उदाहरण देतो. घरमालक स्वतः घरात राहत असेल तर मिळकतकर आकारताना वाजवी भाड्यात (घराला मिळू शकेल असे गृहीत धरलेल्या भाड्यात) 40 टक्के सवलत द्यावी, असा ठराव पुणे महापालिकेने 1970 मध्ये केला. शंभर रुपये भाडे साठच धरले जायचे आणि कर त्यावर बसायचा. तो ठराव करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज आपल्याला सांगता येणार नाही, पण त्यांच्या त्या कामाचा लाभ जवळजवळ पन्नास वर्षे लाखो घरांना मिळाला. कोणत्या बाकाने एवढे दिले आहे?

कात्रजचा घाट :
उदाहरण आपण निवडलेत, पण अर्धेच सांगितलेत. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि 2019 मध्ये राज्य शासनाने तोच ठराव विखंडित, म्हणजे रद्द, केला. त्या वेळी सभागृहात निवडून आलेले सदस्य बसलेले होते. पुढे 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा दिली, तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, कारण मार्च 2022 पासून प्रशासकाचा कारभार चालू होता. सगळे असताना गेली आणि कोणी नसताना आली, अशा सवलतीचे श्रेय सभागृहाला कसे द्यायचे? ज्या ठरावाला मंत्रालयातून एका पत्राने पुसता येते, त्याला कायदेविषयक काम म्हणणे हा निव्वळ मोठेपणा आहे.

माझ्या घरासमोरचे चेंबर पहिल्याच पावसात उलटून वाहते. रात्री अकराला फोन केल्यावर जेटिंग मशीन घेऊन माणसे आली, ती नगरसेवकाने पाठवली म्हणून. माझे मत मी त्यासाठीच देतो आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

निवृत्त कारकून :
दोघांनाही थोडे थांबवतो. विखंडित करण्याचा अधिकार शासनाला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 451 ने दिलेला आहे, त्यामुळे घाटकरांचा हा मुद्दा खरा आहे. पण त्यावरून ठराव निरुपयोगी ठरत नाही. उलट ठराव किती विचाराने लिहायला हवा, हे ठरते. 1970 च्या सवलतीला कायद्याचा पक्का आधार तेव्हाच घेतला असता, तर लेखापरीक्षकाला बोट ठेवायला जागा उरली नसती.

प्रेक्षक गॅलरीत मी बरीच वर्षे बसलो आहे. नगरसचिव विषय क्रमांक वाचतात, खालून कोणीतरी 'एक महिना पुढे' म्हणते, आणि वस्तीच्या पाण्याचा विषय कार्यपत्रिकेच्या पुढच्या पानावर जातो. तहकुबीची (सभाच पुढे ढकलण्याची) सूचना आली तर तेवढेही होत नाही. सूचक आणि अनुमोदक म्हणून सह्या करणाऱ्यांनी विषयपत्र वाचलेले असतेच असे नाही. उपसूचना (मूळ ठरावात बदल सुचवणाऱ्या सूचना) मात्र फार बारकाईने वाचाव्यात, कारण खरे काम पुष्कळदा तिथेच होते, चांगलेही आणि वाईटही.

नळस्टॉप :
प्रशासकाच्या काळाचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. त्या जवळपास चार वर्षांत प्रशासक म्हणून आयुक्तच प्रस्ताव तयार करत होते आणि मुख्य सभा व स्थायी समिती यांच्या अधिकारांत तेच तो मंजूरही करत होते. सवलत परत मिळाल्यावर त्यासाठीचा पीटी-3 अर्ज आणि स्वतः राहत असल्याचा पुरावा घेऊन रांगेत उभी राहिले, तेव्हा माझ्यापुढच्या आजोबांचा अर्ज सोसायटीचे पत्र नाही म्हणून परत गेला. 'ज्येष्ठांसाठी ही अट सैल करा' हे कोणापुढे मांडायचे, याचे उत्तर त्या दिवशी कोणाकडेच नव्हते. सभागृहात त्यावर कोणी तावातावाने भांडला असता, तर ठराव होवो वा न होवो, प्रशासनाला लेखी अभिप्राय तरी द्यावा लागला असता. गटार उपसून घेणारा माणूस मलाही हवा आहे. पण गटाराचे बजेट ठरवताना तो कुठे होता, हेही मी विचारणार.

पर्वतीपायथा :
घाटकर, सवलत मंत्रालयातून परत आली हे मान्य. परंतु जी परत आली तिचा साचा 1970 च्या ठरावाचाच होता, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. आणि रात्रीच्या फोनबद्दल म्हणाल, तर ते काम क्षेत्रीय कार्यालयाच्या अभियंत्याचे आहे. त्यासाठी लोकप्रतिनिधीची ओळख लागते, हाच मुळात सभागृहात मांडण्याचा विषय आहे.

आता 41 प्रभागांत 165 सदस्य आहेत, म्हणजे मला एक नव्हे, चार नगरसेवक आहेत. पुढच्या वर्षाचे करदर कायद्याप्रमाणे 20 फेब्रुवारीपर्यंत ठरावे लागतात, म्हणून चौघांनाही पत्र लिहून आपली भूमिका विचारली. एकाकडून उत्तर आले : 'काका, बाक कुठे हवा ते कळवा.'

कात्रजचा घाट :
हसू आले, हे कबूल करतो. तरी 'स' यादीतल्या (नगरसेवकांनी प्रभागासाठी सुचवलेल्या कामांच्या यादीतल्या) बाकांची एवढी चेष्टा करू नका. आमच्या गेटबाहेरच्या बाकावरचे नगरसेवकाचे नाव दोनदा खोडून रंगवून झाले आहे, पण गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून माझी आई रोज संध्याकाळी त्याच्यापर्यंत चालत जाते आणि बसून परत येते. करदरांचे पत्र मीही लिहीन. मसुदा इथे टाका.