टँकरचा नंबर मागितला, वेलांटी मिळाली

नऱ्ह्याचा_नळ
परवा रात्री साडेदहाला पुण्यातल्या आमच्या नऱ्हे परिसराच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या होत्या. "आमच्या सोसायटीत दोन दिवस पाणि नाही. बोअरची मोटार जळाली आहे. कृपया आमची मदत करा. रात्री येणाऱ्या टँकरवाल्याचा नंबर असेल तर द्या." सकाळी पाहतो तर ४१ उत्तरं. नंबर एकही नाही. पहिलंच उत्तर असं, आणि त्याला १७ हसरे चेहरे: "'पाणि' म्हणजे हात. पाणिग्रहण ऐकलं असेलच. सोसायटीत हातच नसतील तर टँकरचा पाइप कोण धरणार?"

त्या ओळी टाकताना मी शेजारच्या बिल्डिंगमधून कळशी भरून जिना चढत होतो. लिफ्ट आहे, पण त्या दिवशी तीही बंद. उजव्या हातात कळशी, डाव्या अंगठ्यानं टायपिंग. चौथ्या मजल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई. अशा वेळी दुसरी वेलांटी द्यायची राहिली, हा माझा गुन्हा.

बरं, गुन्हा मान्य. पण डोक्यात तिडीक गेली म्हणून काल रात्री साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम काढून वाचले. मराठीत सुट्या शब्दाच्या शेवटी येणारी इ आणि उ दीर्घ. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असला तरी दीर्घच. कवी, मती, गुरू. ऱ्हस्व राहतात ते 'आणि', 'नि' आणि 'परंतु', 'तथापि' अशी थोडी अव्ययं. म्हणजे महाशय, मराठीत तुमचा हातसुद्धा 'पाणी'च. ऱ्हस्व होतो तो समासात, 'पाणिग्रहण' लिहिताना. मी चुकलो ते घाईत. तुम्ही चुकलात ते पलंगावर लोळत, विनोद करता करता.

विसर्ग
तो विनोदवीर मीच. आधी आईंची तब्येत कशी आहे ते सांगा.

दुसरं, हाताची वेलांटी मान्य. मी संस्कृतातला शब्द संस्कृतासारखा लिहिला. घ्या, एक गुण तुम्हाला. पण तुमच्या त्या चार ओळींत 'पाणि'पेक्षा भयंकर गोष्ट होती, ती मी सौजन्यानं सोडून दिली होती. "आमची मदत करा." ही मराठी नाही. ही 'हमारी मदद करो' आहे, धोतर नेसवून आणलेली. मराठीत 'मला मदत करा', 'आम्हाला मदत करा'. 'माझी मदत' म्हणजे मी केलेली मदत. तुम्ही ग्रुपवर सांगत होतात की तुमची मदत आम्ही करावी. आमची आम्ही काय करावी?

चहा_मारके
झालं. आता पाण्याचं राहिलं बाजूला.

लातूरची_लेक
विसर्गराव, 'माझी सेवा केली' चालतं ना? 'माझी काळजी घे'? 'माझी चेष्टा करतोस'? त्यात सेवा मी केलेली नसते, काळजी मी घेतलेली नसते. चेष्टा तर तुम्हीच केलीत. मग 'माझी मदत'लाच काय धाड भरली? आणि मुळात 'मदत' कुठं आपली आहे? अरबी 'मदद', फारसीतून आली. परक्या घरची सून कुठल्या दारानं आत आली यावर शेकडो वर्षांनी भांडताय.

विसर्ग
चेष्टा मी केली, म्हणून 'त्यांची' चेष्टा. बरोबर. पण प्रत्येक शब्दाची आपली चाल असते. 'मला राग आला' म्हणतो, 'मी राग आलो' म्हणत नाही. 'मदत' मराठीत द्वितीया-चतुर्थीचा 'ला' घेऊन नांदते. आजीला विचारा.

लातूरची_लेक
माझ्या आजीला विचारू नका. ती 'पानी' म्हणायची आणि तुमच्यासारखे खुदकन हसायचे. पुण्यात पहिल्या नोकरीत कॅन्टीनमध्ये मी "पानी कुठंय" विचारलं, तर टेबलावरचे चौघं एकमेकांकडं बघत राहिले. नंतरचा आठवडाभर मी "बाटली कुठंय" विचारायचे. तोंडातून न येईल का ण येईल या भीतीनं मी शब्दच बदलला. पुण्यात जन्मलं की ण जिभेवर टोचूनच पाठवतात का?

आणि पाण्याचं म्हणाल तर २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. टँकर नाही, अख्खी रेल्वे. घागर घेऊन रांगेत उभं राहिलात कधी? तिथं कुणी वेलांटी मोजत नव्हतं.

सदाशिवातला_नाही
आला, 'पुणेरी माज'चा मुद्दा आला. मी घड्याळ लावूनच बसलो होतो. ताई, 'पानी'ला हसणं हलकटपणा आहे, एकदम मान्य. पण तो बोलण्याचा प्रश्न. इथं लिहिण्याचं चाललंय. दोन्ही एका पोत्यात घालू नका.

रुमाल_क्र_१३
लिहिण्याचंच सांगतो. इथं पुण्यातच पेशवे दफ्तर आहे. रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, मोडी कागद. मी मोडी शिकलोय, हौस म्हणून. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. अख्खा कारभार, पगार, तह, कज्जे असेच चालले. अटकेपार निघालेल्या फौजेला कुणी "'स्वारि'ची वेलांटी तपासा, मग कूच करा" म्हणालं नाही. नियम तर कालचे, १९६२ चे. त्याआधीची मंडळी काय अशुद्ध होती?

विसर्ग
मोडीत शब्दही तोडत नाहीत. सलग ओळ ओढायची आणि त्याखाली अक्षरं लटकवायची. तुम्ही तसंच टाइप करा ना मग. तुमचा प्रतिसाद मला नीट तुटलेला, विरामचिन्हांसकट दिसतोय. अवतरणचिन्हात अवतरणचिन्हसुद्धा आहे.

रुमाल_क्र_१३
कीबोर्ड मोडीचा मिळाला की कळवतो.

खिळे_जुळारी
इतकं वाचलं, राहवलं नाही. मी ३४ वर्षं मुद्रितं तपासली, बुधवारातल्या छापखान्यांत. १९६२ चे नियम १४, त्यात १९७२ ला चार घातले, एकूण अठरा. त्यांच्यामुळे आमच्या खिळ्यांच्या केसमधला अनुस्वाराचा खप कमी झाला. 'नांव', 'गांव', 'केलें', सगळ्यांच्या डोक्यावरचे ठिपके उतरले. 'पाणी'बद्दल नऱ्हेवाले बरोबर आहेत. विसर्गांचा हात चुकला.

पण वेलांटीवाल्यांची टर उडवणाऱ्यांनाही एक सांगतो. एका लग्नाच्या ३०० पत्रिका छापून झाल्या आणि शेवटची प्रत हातात घेतली तर 'सहकुंटुंब'. एक ठिपका जास्त. प्रूफ माझ्याच हातून गेलेलं. कागद जाड, आर्टपेपर, पुन्हा छापायला मालक तयार नाही. रात्री घरी आणल्या. मी आणि बायको, अर्ध्या ब्लेडनं एकेक ठिपका खरवडत बसलो. जोर जास्त झाला की कागदाची लव उठते, मग नखानं घासून बसवायची. पहाटे चारला संपल्या. मुलीच्या वडलांना फरक दिसलाच नाही. त्यांनी मोजून घेतल्या आणि गेले. मला मात्र आजही कुठं 'कुंटुंब' दिसलं की बोटं शिवशिवतात. प्रत्येक जण तुमचा अपमान करायला दुरुस्ती करत नाही.

लातूरची_लेक
काका, तुम्ही ब्लेडनं खरवडलात, रात्रभर, गुपचूप. १७ जणांना बोलावून हसला नाहीत. तुम्ही खुशाल माझं प्रूफ तपासा.

शिस्तप्रिय_वाचक
चर्चा छान. फक्त 'ऱ्हस्व' हा शब्द मूळ 'ह्रस्व' असा आहे हे नम्रपणे नमूद करतो.

सदाशिवातला_नाही
देवा. मराठीत 'ऱ्हस्व'च लिहितात हो. तुमच्या हिशेबानं धागाकर्त्यानं 'नह्रे' लिहायचं का?

नऱ्ह्याचा_नळ
आमच्या गावाचं नाव दुकानांच्या पाट्यांवर तीन प्रकारे आहे. त्यात एका मेडिकलवर 'न-हे' आहे, मधे आडवी रेघ. चिठ्ठ्या घेऊन लोक बरोबर पोचतात.

विसर्ग
खिळेकाकांना नमस्कार. नऱ्हेकरांची माफी मागतो, हसण्याबद्दल. 'आमची मदत'बद्दल नाही. त्यावर मी मरेपर्यंत ठाम.

लातूरची_लेक
मराल तेव्हा आम्ही तुमची मदत करू.

विसर्ग
म्हणजे मी केलेली मदत तुम्ही करणार. घ्या, मुद्दा सिद्ध.

चहा_मारके
अहो पण टँकरचं काय झालं? ४१ उत्तरं तिकडं, इथं आणखी इतकी, आणि तो माणूस अजून कळशीच वाहतोय का?

नऱ्ह्याचा_नळ
आला काल दुपारी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सांगितला. ते ग्रुपवर नाहीत, त्यांचा फोन बटणांचा आहे. दार वाजवून म्हणाले, "तुला बोललो होतो ना, काही लागलं तर सांग म्हणून." 'बोललो' ऐकून क्षणभर विसर्गरावच आठवले. मी गप्प राहून पाइप धरला.

शिस्तप्रिय_वाचक
'टँकर सांगितला' की 'टँकर मागवला'? गोष्ट सांगतात, निरोप सांगतात.

विसर्ग
चहा सांगतात की नाही अमृततुल्यात? 'दोन स्पेशल सांग.' या बाबतीत मी नऱ्ह्याच्या बाजूनं. सामान्यरूप नीट पाहा, 'नऱ्ह्याच्या'.

चहा_मारके
तीन सांगा.