शहर डोकं खातं की आपण उगाच शहराच्या नावाने खडे फोडतो?

कसारा_लोकल: जर्मनीतल्या मानहाइमच्या संशोधकांचा प्रयोग २०११ साली 'नेचर'मध्ये आला होता. माणसांना एमआरआयमध्ये झोपवून गणितं घातली आणि वर 'तुम्ही मागे पडताय' म्हणून टोचत राहिले. शहरात राहणाऱ्यांचा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोका हुंगणारा भाग, खेड्यातल्यांपेक्षा जास्त भडकला. सोळा वर्षं लोकलचे धक्के खाल्लेत, मला यात नवल वाटत नाही. शहर मेंदूला सतत भांडणाच्या पवित्र्यात ठेवतं.

माणदेशी: साफ असहमत. तो संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही. आणि गावात काय शांतता नांदते? विदर्भातला शेतकरी फास लावून घेतो तो हॉर्नच्या आवाजाने नव्हे. आमच्याकडे मनाच्या डॉक्टरला दाखवायचं तर एसटीने जिल्ह्याला जायचं, आणि परत येईपर्यंत पारावर बातमी पोचलेली. पुण्यात निदान कुणी विचारत नाही, हेच माझं औषध.

निवांत_नाही: बर्लिनचा २०२२चा प्रयोग बघा. काहींना तासभर ग्रुनेवाल्डच्या जंगलात चालवलं, काहींना गजबजलेल्या बाजाररस्त्यावर. जंगलवाल्यांचा अमिग्डाला शांत झाला. पण रस्त्यावरच्यांचा वाढला नाही, होता तसाच राहिला! म्हणजे रस्त्याने बिघडवलं असं नाही, झाडांनी सुधारलं. भांडायचंच तर बागांसाठी भांडा. (बोरिवलीकरांनो, नॅशनल पार्क दाराशी असून शेवटचं कधी गेला होतात?)

चाळकरी: झाडं ठीक, पण माणसांचं काय? परळची चाळ सोडून बाविसाव्या मजल्यावर आलो. आई दिवसभर गप्प. तिकडे गॅलरीत तांदूळ निवडतानाच चार जणी जमायच्या.

माणदेशी: चाळकरी, तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं. पण गॅलरी म्हणजे दुसरा पारच की.

सून_तिसरा_मजला: हेच लिहायला आले होते. आठ वर्षं चाळीत काढलीत. संडासाची रांग, आणि नवऱ्याशी भांडायचं तेही कुजबुजत. मला तर फ्लॅटचं दार लावल्यावरच झोप लागायला लागली.

कसारा_लोकल: बर्लिनचा मुद्दा मान्य, 'भांडणाचा पवित्रा' जरा जास्तच झालं. पण आवाजाचं सोडणार नाही. २०००च्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. समोरच्या रिडेव्हलपमेंटवाल्याने आता, साडेअकराला, ब्रेकर लावलाय. ताई, दार लावूनही ऐकू येतोय हो.