माहुआंग: दोष काडीचा की डब्यातल्या गोळीचा?

कडूकिराईत
वजन घटवायच्या पावडरींवर बोलणं चाललं होतं, तेव्हा एकानं ठोकून दिलं: "इफेड्रानं अमेरिकेत माणसं मेली, चिनी जडीबुटी म्हणजे विषच." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून वेगळा धागा.

माहुआंग म्हणजे इफेड्रा या झुडपाच्या हिरवट, पानं जवळजवळ नसलेल्या, पेरापेरांच्या काड्या. चिनी औषधकोशाला तीन जाती चालतात: सिनिका, इंटरमीडिया, इक्विसेटिना. खोड घाम आणायला, मूळ मात्र घाम थांबवायला. दमा-खोकल्याला मधात परतलेल्या काड्या. साधारण अठराशे वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्य झांग झोंगजिंगच्या 'शांगहान लुन' या ग्रंथात माहुआंग, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, जर्दाळूच्या बिया आणि ज्येष्ठमध यांचा काढा आहे. आधी नुसतं माहुआंग उकळायचं, वर आलेला फेस काढून टाकायचा, मगच बाकीचं घालायचं. काढा पिऊन पांघरूण घेऊन पडायचं, हलका घाम फुटेपर्यंत. घसा कोरडा असलेल्याला, घोळणा फुटणाऱ्याला घाम आणू नका, अशी ताकीदही त्याच ग्रंथात.

आणि अमेरिकेत काय खपत होतं? अर्काच्या गोळ्या, सोबत कॅफीन, वर 'चरबी जाळा'. फेब्रुवारी 2003 मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा 23 वर्षांचा पिचर (चेंडू टाकणारा) स्टीव्ह बेखलर सरावात उष्माघात होऊन गेला. तो असल्या गोळ्या घेत होता. 2004 साली बंदी आली ती अशा पूरक गोळ्यांवर. चिनी वैद्यांचा पारंपरिक वापर त्यातून वगळला होता. मग शिव्या काडीला का?

भूलवाली
किराईतराव, याच काड्यांतलं मुख्य औषधी द्रव्य, इफेड्रिन, माझ्या ट्रॉलीवर असतं. सिझेरियनला मणक्यात भूल दिली की कधी कधी बीपी धाडकन खाली येतं. शिरेतून 6 मिलिग्रॅम दिलं की थोड्याच वेळात मॉनिटरवर आकडे वर चढताना दिसतात, नाडीही पळायला लागते. शिरेतून आणि पोटातून यात फरक आहे, मान्य. पण हेच औषध कुणी घरी पातेल्यात उकळून पितंय म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

हिशोब करा. चिनी औषधकोशात माहुआंगची मात्रा दिवसाला 2 ते 10 ग्रॅम, आणि इफेड्रिन व त्याचं भावंड स्यूडोइफेड्रिन मिळून किमान 0.8 टक्के हवं. म्हणजे 6 ग्रॅम काड्यांत किमान 48 मिलिग्रॅम. अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न-औषध प्रशासनानं) 1997 मध्ये पूरक गोळ्यांसाठी सुचवलेली मर्यादा दिवसाला 24 मिलिग्रॅमच्या आत होती. तुमच्या पुराणोक्त काढ्यात दुप्पट झालं की! घोळण्याची ताकीद आहे हो, पण ज्याला आपलं बीपी 170 आहे हेच ठाऊक नाही त्याचं काय?

निवांत_नाना
ताई, काड्यांतलं सगळंच काढ्यात उतरत नाही, हा हिशोब जरा सैल सोडा. आणि वैद्य नाडी बघून चार दिवस देतो; गोळीवाला महिनोन्महिने गिळतो, तेही जिमला जाताना कॉफी ढोसून.

शिवाय तुमचं ते इंजेक्शन आलं कुठून? 1885 साली जपानच्या नागाई नागायोशींनी याच काड्यांतून इफेड्रिन वेगळं काढलं. 1924 मध्ये पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट यांनी त्याचं काम जगापुढं मांडलं आणि ते दम्याचं औषध झालं.

भूलवाली
नाना, आलं काडीतूनच, नाकारतंय कोण? पण वेगळं काढलं म्हणून तर मोजता आलं. काडीत जात बदलली की प्रमाण बदलतं. इंटरमीडियात बऱ्याचदा स्यूडोइफेड्रिनच जास्त, आणि उत्तर अमेरिकेतल्या जातींत इफेड्रिन जवळपास नसतंच. पुडीत काय आहे हे ओळखणार कोण, तुम्ही?

दादरकर
मधेच एक. पारशी अग्यारीत 'होम' (आपलं हवन नव्हे, त्यांची पवित्र वनस्पती) म्हणून कुटतात त्या काड्या इफेड्राच्याच, इराणहून येणाऱ्या. आपला सोमही हाच, असं काही अभ्यासक म्हणतात. यावर भांडायचं तर वेगळा धागा काढा.

कडूकिराईत
ताई, ओळखीचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय बंदी नव्हे, तपासणी. कोविडात चीननं वापरलेल्या 'चिंगफेई पायदू' काढ्यात माहुआंग होतं. ते किती उपयोगी पडलं यावर वाद घाला, पण दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलं होतं ना?

भूलवाली
दवाखान्यात द्या, माझी काही हरकत नाही. माझं भांडण ऑनलाइन विक्रीशी आहे. आपल्याकडे दम्यासाठी 'सोमलता' चूर्ण मिळतं. ते बऱ्याचदा हिमालयातलं इफेड्रा जेरार्डियाना, माहुआंगचं चुलत भावंड. पण सोमलता म्हणून सार्कोस्टेमाची पानं नसलेली, चिकाची वेलही विकली जाते, तिचा इफेड्राशी काही संबंध नाही. तेव्हा भूल घेण्याआधी असलं चूर्ण घेत असाल तर आम्हाला सांगा, लाजू नका. "आयुर्वेदिक आहे म्हणून बोललो नाही" हे मी टेबलावर ऐकलंय.

निवांत_नाना
हे पटलं. पुडीवर जात आणि इफेड्रिनचं प्रमाण छापायला लावा, मग मी गप्प बसतो.

कडूकिराईत
मी नाही बसणार. हळदीच्या पुडीवर कुठं छापतात?

भूलवाली
हळदीनं बीपी चढत नाही, किराईतराव.